तीच कादंबरी परत नेली तर बिघडलं कुठं?

आमच्या तालुक्याच्या गावात सध्या वाचनालयावरून वाद चाललाय. मूळ प्रश्न साधा आहे, हॉल एकच, कपाटं जास्त, पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरंपोरी वर्षागणिक वाढतायत, त्यांना बसायला जागा नाही, म्हणून जुन्या कादंबऱ्यांची कपाटं हलवायची आणि तिथं टेबलं लावायची असा प्रस्ताव आला. इथपर्यंत कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण प्रस्तावाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी जागेचा मुद्दा सोडला आणि भलतंच धरून बसले: ती पुस्तकं नेतं तरी कोण, चार बायका, त्याही त्याच त्या लव्हस्टोऱ्या आलटून पालटून नेतात, एकच कादंबरी दर पावसाळ्यात परत नेणाऱ्या बाईला वाचक म्हणायचं का? आणि बायकांची बाजू घेणारे काय म्हणाले, तर जाऊ द्या हो, मोबाईल बघत बसण्यापेक्षा बरं, काहीतरी वाचतात ना. मला दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर दुसरीच जास्त लागते. पहिला माणूस निदान समोर उभा राहून भांडतोय, दुसऱ्यानं तर बायकांना आधी नापास केलं आणि मग दया दाखवली.

माझं मत आधीच सांगून टाकते. आवडती, संथ चालणारी प्रेमकथा परत परत वाचणं हे शंभर टक्के वाचन आहे, त्यातून जो दिलासा मिळतो ती माणसाची खरी गरज आहे, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयानं ती गरज भागवणं हे त्याचं काम आहे, मेहरबानी नाही.

संथ म्हणजे कशी, ते ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा कादंबरीत दोन माणसं पहिल्या काही पानांत भेटतात आणि मग दोनशे पानं एकमेकांना काही म्हणतच नाहीत. मधे गैरसमज होतो, बदली होते, कोणाचं आजारपण येतं, एक पत्र उशिरा पोचतं, तो तिच्या भावाच्या लग्नात पंगतीत वाढायला येतो आणि तिच्या पानापाशी दोन सेकंद थांबतो, बस, एवढंच अख्खं प्रकरण. ज्याला घाई आहे त्याला ही पुस्तकं मानवत नाहीत. ज्याला आवडतात त्याला तो दोन सेकंदांचा थांबाच परत परत पाहिजे असतो.

आमच्या वाचनालयात अशी एक कादंबरी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की वाद त्या एका पुस्तकाचा होतो आणि मग लेखक मोठा की छोटा, पुरस्कार मिळाला की नाही यावरच लोक घसरतात. पण ती दिसते कशी ते सांगते. खाकी कव्हर, त्यावर स्केचपेननं टाकलेला दाखल क्रमांक, पाठीला बाइंडरनं लावलेली कापडी पट्टी, ती पण आता सुटत आलीय. शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला, तो भरला म्हणून त्यावर दुसरा, त्यावर अजून एक, असा तो जाड पुठ्ठाच झालाय. नायक तिच्या दारापर्यंत येतो आणि काही न बोलता परत जातो, त्या पानाचा खालचा कोपरा बोटं लागून लागून काळपट पडलाय, वर हळदीचा डाग आहे, आणि समासात कोणीतरी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘आता तरी बोल ना.’ त्याच्याच खाली दुसऱ्याच हस्ताक्षरात, ‘नको बोलू, अजून वेळ आहे.’ पुस्तकावर लिहू नये हे बरोबरच आहे, पण या दोन ओळी मला फार मोलाच्या वाटतात. वरची ओळ पहिल्यांदा वाचणारीची आहे. खालची ओळ लिहिणारीला पुढचं सगळं माहीत होतं, त्यानं आत्ता बोलून टाकलं तर ती नाही म्हणेल हे तिला माहीत होतं. एकाच पानावर दोन वेगवेगळी वाचनं आहेत, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जास्त समजून केलेलं आहे. परत वाचण्यात नवीन काय मिळतं असं विचारणाऱ्यांनी ते पान बघावं.

आता ‘तेच ते’ या आक्षेपाकडे येते. शेवट माहीत असलेली गोष्ट परत ऐकणं, वाचणं हे जर वेळ घालवणं असेल तर आपला विदर्भ शेकडो वर्षं वेळच घालवतोय म्हणायचं. कौंडिण्यपूर आपलंच, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचं माहेर. रुक्मिणीनं कृष्णाबद्दल नुसतं ऐकलं होतं, भावानं परस्पर शिशुपालाशी लग्न ठरवलं, तिनं पत्र लिहिलं, ब्राह्मणाच्या हाती पाठवलं आणि मग वाट पाहत बसली, पत्र पोचलं का, तो निघाला का, अंबिकेच्या देवळात जायची वेळ झाली तरी अजून कसा येत नाही. एकनाथांनी 1571 मध्ये काशीत ही गोष्ट 18 प्रसंगांत लिहिली आणि आजसुद्धा लग्न जुळत नसलं की मुली त्या रुक्मिणी स्वयंवराचं पारायण करतात. एकनाथांच्याही कितीतरी आधी, आता जिथं मराठी भाषा विद्यापीठ झालंय त्या ऋद्धपूरला महदंबेनं धवळे गायले ते कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचेच, आणि तिला आपण मराठीतली पहिली कवयित्री म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेतल्या पहिल्या कवयित्रीनं जी गोष्ट घेतली ती प्रेमाची होती, सगळ्यांना आधीच पाठ होती, आणि विदर्भातल्या पोरीची होती. तिला कोणी म्हटलं का, की बाई काहीतरी नवीन सांग?

इथं कोणी म्हणेल की पारायण ही भक्ती आहे, तिची कादंबरीशी बरोबरी करू नका. बरोबर आहे, मी करत नाही. गजानन विजयचे 21 अध्याय वाचणारी माझी आई आणि कादंबरी वाचणारी मी, आम्ही दोघी वेगळ्या कारणानं बसतो हे मला कळतं. पण माणसाचं मन ओळखीच्या शब्दांकडे परत जातं, आणि तसं जाण्यात त्याला बळ मिळतं, एवढं तर दोन्हीकडे सारखं आहे ना? आणि भक्ती बाजूला ठेवली तरी रामटेक आहेच. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं, तिथं कालिदासाचं स्मारक आहे. त्या काव्यात घडतं तरी काय? यक्षाला वर्षभराची शिक्षा झालीय, आठ महिने गेलेत, चार राहिलेत, तो ढगाला रस्ता सांगतो आणि बायकोसाठी निरोप देतो. भेट होतच नाही. याच्यापेक्षा संथ प्रेमकथा कोणती? चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा एकाहून एक मोठ्या माणसांनी मेघदूत मराठीत आणलं, आणि ज्यानं भाषांतर केलं त्यानं एकेक ओळ किती वेळा वाचली असेल विचार करा. त्यांना आपण रसिक म्हणतो. कापसाच्या वेचणीवरून आलेली बाई तेच करते तेव्हा तिच्याकडे नवीन वाचायची कुवत नाही असा अर्थ का काढायचा?

आणि गावातले पुरुष? ऐतिहासिक कादंबऱ्यांची आमच्याकडची एकूण एक प्रत पुरुषांनी वाचून वाचून खिळखिळी केलीय. लढाई कोण जिंकणार, आग्र्याहून सुटका होणार की नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, तरी ती पानं परत वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच पाहिजे. त्या परत वाचण्याला कोणी टाईमपास म्हणत नाही, अभिमानानं सांगतात, चार वेळा वाचलंय. मग खरा आक्षेप परत वाचण्याला नाहीच. आक्षेप आहे प्रेमकथेला, आणि ती वाचणाऱ्या बाईला. तसं असेल तर तसं म्हणा, मग आपण त्यावर बोलू.

शेवट माहीत असला की मजा जाते, हे जे सगळे गृहीत धरतात ते सुद्धा तपासून बघण्यासारखं आहे. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. ज्यांना शेवट माहीत होता त्यांनाच कथा सरासरीनं जास्त आवडल्या. हा प्रयोग छोट्या कथांवर होता, चारशे पानांच्या कादंबरीवर नव्हता, आणि तो परत वाचण्याबद्दलही नव्हता, म्हणून मी त्याच्यावर फार भार टाकत नाही. मला त्याहून जास्त पटलं ते आमच्याच गल्लीतल्या एका काकूंचं बोलणं. त्यांना सुनेनं विचारलं, तेच पुस्तक काऊन वाचता वो, शेवट त मालूम हाये. त्या म्हणाल्या, “मालूम हाये म्हणूनच त वाचतो व बाई. दिवसभर का व्हईन याचाच घोर असते, रात्री तरी तो नोको.”

हे बोलणं नीट ऐकायला पाहिजे. कोरडवाहू शेती करणाऱ्या घरात पुढं काय होईल हा प्रश्न जूनमध्ये सुरू होतो आणि उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापूस निघून शेत मोकळं होईपर्यंत, पिच्छा सोडत नाही. पाऊस वेळेवर येईल का, दुबार पेरणी करावी लागेल का, 2017 सारखी गुलाबी बोंडअळी परत येईल का, कापूस घरात ठेवला तर भाव चढेल का उतरेल. शहरातल्या वाचकाला पुस्तकातून थरार पाहिजे असतो, कारण त्याचा महिन्याचा पगार एक तारखेला येतो. ज्यांचं आयुष्यच सस्पेन्समध्ये चाललंय त्यांनी रात्री परत सस्पेन्स वाचावा हा आग्रह कशाला? दमलेल्या डोक्यात नवीन माणसांची नावं, नवीन गाव, नवीन नाती भरायला ताकद लागते. ओळखीचं पुस्तक कुठल्याही पानावर उघडता येतं, लाईट गेली तर मिटता येतं, पोरगं रडलं तर उठता येतं, आणि उद्या परत बसलं तर धागा सुटलेला नसतो. ज्या बाईला स्वतःचा म्हणून सलग अर्धा तास मिळत नाही तिच्या वाचनाची ही अगदी शहाणी पद्धत आहे.

यावर जो आक्षेप येतो तो मात्र हलका नाही. लोक म्हणतात, हे पलायन आहे. या भागात आत्महत्या झालेली घरं आहेत, कर्ज आहे, दारू आहे, पोरं नोकरीशिवाय बसलीत, आणि तुम्ही गोड शेवटाच्या गोष्टी वाचता? बाईनं कायदा वाचावा, सातबारा वाचायला शिकावं, बचत गटाचा हिशोब समजून घ्यावा. मला यातला कळवळा खरा वाटतो. ज्या बाईच्या नवऱ्यानं जीव दिला तिला कादंबरीनं पेन्शन मिळत नाही, तिला कागदच लागतात, हे मी जवळून पाहिलंय. पण कागद वाचणारी बाई आणि कादंबरी वाचणारी बाई या दोन वेगळ्या बाया आहेत असं कोणी ठरवलं? परत विदर्भाचीच गोष्ट सांगते. नळ-दमयंती. दमयंती कुंडिनपूरच्या भीमराजाची मुलगी. महाभारतात ही गोष्ट येते कुठं? वनपर्वात. युधिष्ठिर द्यूतात सगळं हरलाय, जंगलात बसलाय, अर्जुन अस्त्रं आणायला दूर गेलाय, आणि तो बृहदश्व ऋषींना विचारतो की माझ्याएवढा दुःखी राजा कोणी झाला का. त्या वेळी ऋषी त्याला एका प्रेमकथेत घेऊन जातात, हंसाच्या निरोपापासून, स्वयंवरापासून, ताटातुटीतून शेवटच्या भेटीपर्यंत. आणि गोष्ट संपल्यावर त्याच ठिकाणी त्याला फाशांची विद्याही देतात, म्हणजे परत कोणी त्याला जुगारात फसवू नये. दिलासा आधी, विद्या नंतर, आणि दोन्ही एकाच माणसाला एकाच बैठकीत. खचलेल्या माणसाला विद्या घ्यायला आधी ताठ बसता आलं पाहिजे, हे व्यासांना कळत होतं. आपण मात्र एक कपाट ठेवायचं तर दुसरं काढायला निघालोय.

दूरचं उदाहरण पाहिजे असेल तर तेही आहे. 1943 च्या डिसेंबरात चर्चिलना न्यूमोनिया झाला, ट्युनिशियात ते अंथरुणावर पडून होते, महायुद्ध चालू होतं, आणि त्यांची मुलगी त्यांना जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचून दाखवत होती. किपलिंगनं 1924 मध्ये एक कथा लिहिली, त्यात पहिल्या महायुद्धातले तोफखान्याचे सैनिक ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर जीव टाकणारे दाखवलेत, आणि त्यांच्यातला जो वाचतो तो युद्ध संपल्यावरही तीच पुस्तकं परत परत वाचतो. या माणसांना कोणी युद्धातून पळालेलं म्हटलं नाही. चर्चिलनी प्रेमकथा ऐकली तर ती विश्रांती, आणि वावरातून आलेल्या बाईनं वाचली तर पलायन, हा न्याय मला कोणी समजावून सांगावा.

पण सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो आमच्या वादात कोणी काढलाच नाही, म्हणून मीच मांडते. या कादंबऱ्या मुलींना वाट पाहायला शिकवतात. नायक तुसडा असतो, बोलत नाही, टाकून बोलतो, कधी हातही उगारतो, आणि पुस्तक सांगतं की आतून तो फार चांगला आहे, थांब, सहन कर, बदलेल. खऱ्या आयुष्यात असा माणूस बदलत नाही, बाई मात्र झिजते. हे खरं आहे. अशी पुस्तकं आमच्या कपाटात आहेत, मी ती वाचलीत, आणि त्यातल्या काहींमध्ये थप्पड सुद्धा प्रेमाची खूण म्हणून येते. वयात येणाऱ्या पोरीच्या हातात ती पहिल्यांदा पडली तर तिच्या मनात काय बसेल याची काळजी मलाही वाटते.

तरी मी याच मुद्द्यावर परत वाचण्याच्या बाजूनं सगळ्यात जोरात उभी आहे. कारण पहिल्या वाचनात आपण पळत असतो, ते दोघं एकत्र येतात का एवढंच पाहिजे असतं, थप्पड आली तरी पान उलटलं जातं. दुसऱ्या तिसऱ्या वाचनात ती घाई संपलेली असते. मग दिसायला लागतं की तो बोलला तेव्हा तिची आई गप्प का राहिली, तिनं नोकरी सोडली ती एका ओळीत उरकलीय, मोलकरणीला तर नावच नाही. अठराव्या वर्षी जो नायक जीव की प्राण वाटला तोच पस्तिसाव्या वर्षी नकोसा होतो आणि बाजूला उभा असलेला, सायकलवरून औषध आणून देणारा मास्तर खरा माणूस वाटायला लागतो, हे मी कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय. पुस्तक तेच, बाई बदललेली, आणि आपण किती बदललो हे तिला त्या पुस्तकातूनच कळतं. नवीन पुस्तक हे दाखवूच शकत नाही, कारण त्याच्याकडे तुमचं जुनं वाचन साठवलेलं नसतं. वाईट पुस्तकातलं वाईट ओळखायचं असेल तर त्याच्याकडे परत जावं लागतं.

आणि चांगल्या संथ प्रेमकथेत वाट पाहणं एकतर्फी नसतं, हेही बघा. ऑस्टिनच्या त्याच 1813 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये पुस्तक अर्ध्यावर आलेलं असताना श्रीमंत नायक मोठ्या ऐटीत मागणी घालतो, नायिका तोंडावर नाही म्हणते आणि का नाही तेही सुनावते. मग तो पत्र लिहितो. ती ते पत्र रागातच वाचते, घडी करून ठेवते, अर्ध्या मिनिटात परत उघडते, परत वाचते, एकेक वाक्याशी थांबते, आणि तिथं तिचं मत हळूहळू फिरतं. पुढं तर ते पत्र तिला जवळपास पाठ व्हायला येतं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या संथ प्रेमकथेचं वळण परत वाचण्यावर उभं आहे! आणि तोही तेवढ्या वेळात गप्प बसून नसतो, तिनं जे दोष सांगितले ते तो मनावर घेतो, वागणं सुधारतो, आणि परत विचारतो तेव्हा तू एक शब्द बोल, मी हा विषय पुन्हा काढणार नाही अशा अर्थाचं म्हणतो. नाही म्हटल्यावर माणसानं काय करावं हे आपल्या किती मुलांना कोणी शिकवलंय?

आमच्याकडं लग्न कसं ठरतं ते सगळ्यांना माहीत आहे. रविवारी पाहुणे येतात, पोहे, चहा, नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, पाच मिनिटं गच्चीवर बोलून घ्या, संध्याकाळी फोनवर होकार, पंधरा दिवसांत साक्षगंध म्हणजे साखरपुडा, आणि तुरी निघाल्या की लग्न. मी या पद्धतीला सरसकट वाईट म्हणत नाही, त्यातून चांगले संसार झालेत, माझ्या आजूबाजूलाच आहेत. पण त्यात एक गोष्ट नसते, ती म्हणजे वेळ. एकमेकांना चुकीचं समजायला वेळ, मग ती चूक कळायला वेळ, रागवायला आणि राग जायला वेळ. तो सगळा वेळ त्या दोनशे पानांत आहे. वीस वर्षं संसार केलेली बाई ते पुस्तक परत नेते तेव्हा ती काही नवरा सोडून नायकाच्या मागे चाललेली नसते, जो वेळ तिच्या वाट्याला आलाच नाही तो ती तिथं बसून घेते. कधी कधी त्यातून उठून ती नवऱ्याशी दोन शब्द वेगळे बोलते. कधी कधी पोरीचं ठरवताना हट्ट धरते की दोघांना दोन-तीनदा भेटू द्या, घाई नको. हे मी पाहिलंय म्हणून लिहितेय.

बाईच्या वाचनावर बोट ठेवायची सवय जुनीच आहे, फक्त बोट सरकत आलंय. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 मध्ये छापून आल्या, त्यात घरातल्याच बायका त्यांना शिकण्यावरून, वाचण्यावरून किती टोचून बोलायच्या ते आहे. तेव्हा बाईनं अक्षर ओळखणं हेच चुकत होतं. मग वाचा, पण कादंबरी नको. मग कादंबरी चालेल, पण प्रेमाची नको. आता प्रेमाची चालेल, पण तीच ती नको. 1930 च्या आसपास फडके आणि खांडेकर यांच्यात कला कशासाठी, कलेसाठी की जीवनासाठी, असा मोठा वाद झाला, पिढ्यान् पिढ्या तो परीक्षेत लिहिला गेला, आणि गंमत बघा, दोघांच्याही कादंबऱ्यांत प्रेमकथा होतीच. पुस्तक कशासाठी हे समीक्षकांनी ठरवलं, अभ्यासक्रमानं ठरवलं, वाचनालयाच्या कमिटीनं ठरवलं. पुस्तक ज्या उशाखाली ठेवलं जातं त्या बाईला हा प्रश्न कधी विचारला गेला?

राहता राहिला जागेचा प्रश्न. तो खरा आहे आणि अभ्यासिका व्हायलाच पाहिजे, ज्या पोरीला घरी अभ्यासाला कोपरा नाही तिच्यासाठी ते टेबल म्हणजे आयुष्य आहे. मोबाईलवर कथा वाचायला मिळतात मग कपाट कशाला असंही कोणी म्हटलं, त्याला एकच उत्तर, घरात एक फोन असतो आणि तो पोरांच्या हातात असतो. पण महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, त्यात सार्वजनिक हा शब्द परीक्षा देणाऱ्यांपुरता नाही. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम सांगितले त्यातले पहिले तीन म्हणजे पुस्तकं वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वर सांगितलेली ती खाकी कव्हरची कादंबरी तिन्ही नियमांत बसते. न बसणारी पुस्तकं आमच्याच हॉलमध्ये दुसऱ्या भिंतीला आहेत, कोरी करकरीत, आली तशी उभी, त्यांच्या मागच्या कागदावर एक तारीख नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. बाद करायच्या पुस्तकांची यादी कपाटाकडे बघून करू नका, देवघेवीचं रजिस्टर समोर घेऊन करा. जे पुस्तक वर्षानुवर्षं कोणी नेलं नाही ते आधी काढा, मग ते कितीही जाड आणि कितीही मोठ्या विषयावरचं असो. जे नेऊन नेऊन फाटलंय ते बाइंडिंगला पाठवा. वाईट वाटणारी पुस्तकं कोणती यावर बोलायचं असेल तर ज्यांनी ती दोन-तीनदा वाचलीत त्यांच्याशी बोला, त्या तुम्हाला पान नंबरासकट सांगतील. आणि ही बैठक संध्याकाळी पाच वाजता ठेवू नका, त्या वेळी बायका वावरातून निघालेल्या असतात आणि घरी चूल वाट पाहत असते. बाजाराच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी वेचणीला सुट्टी असते, पुस्तकं बदलायला त्या त्याच दिवशी येतात.